अर्जाचं चौथं पान

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने द्यायला नकोत. काम आहे म्हणून लिहितेय हे तू ओळखलंच असशील. फोन केला असता, पण फोनवर तू गाडी सुटायला आल्यासारखी बोलतेस आणि विचारायचं तेच मी विसरते.

आमचं सभागृह पाडणार आहेत. मागची जी खोली आमच्या वर्गाला नऊ वर्षं फुकट वापरायला मिळत होती, तिच्यासकट. जुलैपर्यंत मुदत आहे. नव्या इमारतीत संस्थांना खोल्या मिळतील, पण समाजविकास निधीकडे रीतसर अर्ज करून आणि तो मंजूर झाला तरच. झाला तर तीन वर्षांसाठी खोली आणि शिकवायला एक पगारी माणूस. नाही झाला तर वर्ग बंद. आमचा वर्ग कुणाच्या अंगणात किंवा झाडाखाली भरू शकत नाही. का, ते तुला अर्धवट ठाऊक आहे, पण तू इकडे फिरकून सहा वर्षं झाली, तेव्हा नीट सांगते.

दारावर पाटी आहे ‘शिवणवर्ग’. खिडकीपाशी दोन मशीनं आहेत. येणारा प्रत्येक जण काखेत कापडाची पिशवी घेऊन येतो. आत आम्ही वाचायला शिकतो. चाळीस, पन्नास, साठ वर्षांची माणसं, ज्यांनी आयुष्यभर ‘चष्मा घरी राहिला’ असं सांगून दुसऱ्यांकडून कागद वाचून घेतले. काहींच्या तर घरीसुद्धा ठाऊक नाही. बाहेर आवाज जावा म्हणून पाळीपाळीने एक जण रिकामं मशीन चालवत बसतो. शेजारपाजारचे लोक अधूनमधून उशांचे अभ्रे आणि उसवलेल्या पँटी आणून देतात, त्या शिवून द्याव्याच लागतात. या वयात मला काजं करायला शिकावं लागलं.

फॉर्म बावीस पानी आहे. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून आमच्या खजिनदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेत, प्रत्येक शब्दावर शिक्का मारतात. प्रश्न अकरा: ‘आपल्या कार्याची शाश्वतता स्पष्ट करा.’ मी एकाहत्तर वर्षांची आहे. काय स्पष्ट करू?

तू तीस वर्षं असले अर्ज लिहिण्यात घालवलीस. हा एक बहिणीसाठी लिही. आणि उत्तर काळ्या शाईने, मोठ्या अक्षरात पाठव. तुझं अक्षर दिवसेंदिवस मुंग्यांची रांग होत चाललंय.

तुझी ताई


११ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. बघ, केवढं मोठं अक्षर काढलंय. चौथीतल्या मुलीसारखं वाटतंय.

तुझं पत्र आलं आणि मला मनापासून बरं वाटलं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात सगळे म्हणाले होते, तुमच्याशिवाय आमचं पान हलणार नाही. गेल्या चौदा महिन्यांत त्यांचं पान व्यवस्थित हलतंय, एकानेही फोन केलेला नाही. तेव्हा हा अर्ज मी लिहिणार, आणि असा लिहिणार की समितीने तो बाजूला ठेवता कामा नये.

शाश्वततेची काळजी करू नकोस. त्याचा अर्थ एवढाच की तुझ्यानंतर कोण. तिथे पगारी शिक्षकाचा मुद्दा घालते. मला तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, संस्थेच्या नोंदणीची प्रत. दोन, तीन वर्षांची हजेरी. तीन, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची, एका माणसाची गोष्ट. फॉर्मच्या चौथ्या पानावर त्यासाठी जागा आहे. समितीपुढे शंभर अर्ज येतात ताई, आणि शंभरातल्या नव्वदांत ‘सक्षमीकरण’ हा शब्द असतो. लक्षात राहतो तो माणूस. तो कुठून आला, काय करत होता, आता काय करतो. मी तीस वर्षं हेच बघितलंय. आकडे कुणी वाचत नाही, गोष्ट सगळे वाचतात.

मला असं कुणीतरी सांग.

तुझ्या पत्रातल्या ओळी वर चढत जातात हल्ली. टेबल हलतंय का? पायाखाली पुठ्ठा घाल.

तुझी
धाकटी


२० जानेवारी

धाकटे,

टेबल हलत नाही. लिहिणारी हलते. वय झालं.

नोंदणीची प्रत सोबत आहे. हजेरीही आहे, पण तिच्यात नावं नाहीत. आमच्याकडे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, तो पहिल्या दिवसापासूनचा नियम. ‘ड्रायव्हर’, ‘नळवाले’, ‘मावशी’, ‘गप्प’, अशी हजेरी आहे. गप्प आता सर्वांत जास्त बोलतो, पण नाव पडलं ते पडलं. दुसरा नियम, न वाचता कशावरही सही करायची नाही. समोरचा कितीही घाईत असो, त्याला थांबवायचं आणि बोट ठेवून वाचायचं. हा नियम मी दर सोमवारी घोकून घेते.

माणसाचं विचारतेस, तर मावशीबद्दल सांगते. म्हणजे आम्ही काय करतो ते तुला नीट कळेल.

मावशी एका वृद्धाश्रमात काम करते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिथले सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते. आधी ती तिथे झाडलोट करायची. मग एकोणीस वर्षांपूर्वी औषधं देणारी बाई सोडून गेली आणि मेट्रन म्हणाली, तू देशील का? मावशीला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिने हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तिने काय केलं ठाऊक आहे? औषधांच्या दुकानाचा माणूस पाकिटं आणून देताना एकदा वाचून दाखवायचा, तेवढ्यात ती प्रत्येक पाकिटाला रंगीत दोरा बांधायची. तोच दोरा त्या म्हाताऱ्याच्या खाटेच्या कडीला. सकाळच्या गोळीला एक गाठ, संध्याकाळच्या गोळीला दोन. जेवणाआधीची असेल तर दोरा आखूड. सव्वीस खाटा, सव्वीस दोरे. नवीन कुणी आलं की ती दोऱ्याचा नवा रंग शोधत बाजारात हिंडायची. एकोणीस वर्षांत एकही गोळी चुकली नाही.

आता ती गोळ्यांची नावं वाचते. तरी दोरे सोडलेले नाहीत. म्हणते, बाई, अक्षरावर माझा अजून पुरता भरवसा नाही. मला तिच्यासमोर कधीकधी आपण बाई आहोत याचीच लाज वाटते.

नाव मात्र कुणाचं कुठे येता कामा नये, एवढं सांभाळ.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मसुदा सोबत पाठवतेय, छापील आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलीय. सगळा वाच, पण चौथं पान दोनदा वाच.

मावशींची गोष्ट घातली आहे. नाव अर्थातच नाही. वृद्धाश्रमाऐवजी ‘सेवाकेंद्र’ केलं, वर्षं एकोणीसची ‘जवळजवळ वीस’ केली. बाकी तुझ्याच पत्रातलं ठेवलं, कारण ताई, तुझ्याहून चांगलं मी लिहू शकले नाही. तीस वर्षांत मला असा मजकूर मिळाला नव्हता. फक्त सुरुवातीला आणि शेवटी एकेक वाक्य माझं आहे, समितीला तेवढी फोडणी लागते.

मला एकच खात्री हवी. तू तिथली आहेस, माणसं तुझी आहेत. त्या पानावर काही खटकलं, एखादा शब्द जरी, तर त्यावर काट मार आणि परत पाठव. दुसरं लिहीन. शेवटची तारीख पंचवीस आहे, वेळ आहे. संकोचाने मला न सांगता तसंच पुढे पाठवू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

गेले तीन आठवडे मी रोज सकाळी आंघोळ करून टेबलापाशी बसतेय. ऑफिसला जायचे तशी. हे हसण्यासाठी सांगितलं.

तुझी
धाकटी


१६ फेब्रुवारी

धाकटे,

सगळं वाचलं. उत्तम झालंय. काही बदलायला नको. सह्या करून आजच टाकते.

इकडे गडबड आहे, जास्त लिहीत नाही.

ताई


२ जून

प्रिय ताई,

मंजूर. एकशे चौदा अर्जांतून नऊ, आणि त्यांत आपण. तुला पत्र आलं असेलच, पण मला फोन करून निधीच्या कार्यालयातल्या बाईंनी स्वतः सांगितलं. समितीत चौथं पान मोठ्याने वाचलं म्हणे, एका सभासदांनी तर दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच सगळे डबे पुसून ठेवले.

अटी नेहमीच्याच आहेत. खोलीबाहेर निधीच्या नावाची पाटी, सहा महिन्यांनी अहवाल, आणि त्यांच्या वार्षिक पुस्तिकेत निवडक मजकूर छापायचा हक्क. तू सही केलेल्या शेवटच्या पानावर हे सगळं होतंच.

मला वाटायचं माझं काम संपलं. तसं नव्हतं. हे तुझ्यामुळे कळलं.

तुझी
धाकटी


१२ जुलै

धाकटे,

नव्या खोलीत आलो. खिडक्या मोठ्या आहेत, नको इतक्या. ड्रायव्हरने दोन्ही मशीनं टेम्पोतून आणली आणि वाटेत तिघांनी त्याला विचारलं, शिलाईचा भाव काय. पडदे लावून घेतलेत.

निधीची पाटी आली. तिच्यावर ठसठशीत ‘प्रौढ साक्षरता वर्ग’ असं आहे, नळवाल्यांनी वाचलं. मी ती दाराच्या आतल्या बाजूला लावली. खोलीला लावा म्हणाले होते, कुठल्या बाजूला ते म्हणाले नव्हते.

शिकवायला एक मुलगी आलीय. गुणी आहे. फळ्यावर लिहायचं काम मी तिच्याकडे सोपवलंय, मी नुसती बसून उच्चार ऐकते. परवा मावशी येताना रस्त्यावरच्या आठ दुकानांच्या पाट्या वाचून आली. आठही सांगितल्या, क्रमाने. मला तिच्या तोंडाकडे बघत बसावंसं वाटलं.

तू इतकं केलंस. खरंच केलंस.

ताई


२१ ऑगस्ट

धाकटे,

तू काय करून बसलीस?

निधीची पुस्तिका निघाली. ती ते सगळ्या संस्थांना पाठवतात, वृद्धाश्रमांनाही. मावशीच्या मेट्रनने ती उघडली आणि पहिल्याच गोष्टीत दोरे. रंगीत दोरे, खाटेच्या कड्या, एक गाठ आणि दोन गाठी. सव्वीस खाटा. या जगात असं दुसरं कोण करतं? तू नाव काढलंस आणि बाकी सगळा माणूस तिथे उभा करून ठेवलास.

मेट्रनने औषधांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. आता मावशी चादरी धुते. पंधरा दिवसांत ही गोष्ट तिथल्या म्हाताऱ्यांच्या मुलाबाळांपर्यंत गेली. एका लेकाने, जो वर्षातून एकदा येतो, तक्रार लिहून दिली की आमच्या वडिलांचा जीव इतकी वर्षं अडाणी बाईच्या हातात होता. त्याच वडिलांनी परवा दुसऱ्या कुणाच्या हातून गोळी घ्यायला नकार दिला. पुढच्या महिनाअखेरीस आश्रमाच्या समितीची बैठक आहे, तिला ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरेल.

आणि आमचा वर्ग. चौदा जण होते. मावशीचं कळल्यावर आठवड्याभरात सहा राहिले. काल दोघे आले, त्यातला एक मशीन परत मागायला आला होता, ते त्याचं होतं. मला तोंडावर काही बोलले असते तर बरं झालं असतं. आज मी, ती नवी मुलगी आणि ती एवढी मोठी खोली.

तुला मी मावशीबद्दल लिहिलं ते बहीण म्हणून लिहिलं. तुला ते मटेरियल वाटलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी विकून विकून तुझी सवयच मोडली असेल, घरचं काय आणि दुकानातलं काय हे बघण्याची.

ताई


२७ ऑगस्ट

ताई,

पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता लिहितेय, आणि जपून लिहितेय.

मावशींचं जे झालं त्याने माझं डोकं सुन्न झालंय. त्याबद्दल मी स्वतःला माफ करत नाही. दोरे काढायला हवे होते. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं मी कौतुक सांगते आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. मला ते दोरे इतके आवडले होते की ते काढायचे हे डोक्यातच आलं नाही.

पण ताई, तुला ते दिसायला हवं होतं. मी तुला पान पाठवलं होतं. दोनदा वाच म्हटलं होतं. एक शब्द खटकला तरी काट मार म्हटलं होतं. तुझं सोळा फेब्रुवारीचं पत्र माझ्या समोर आहे: ‘सगळं वाचलं. उत्तम झालंय. काही बदलायला नको.’ खाली तुझी सही. मी तुझ्या पाठीमागे काही केलेलं नाही. चोर म्हणायचं तर मला एकटीला म्हणू नकोस.

दुसऱ्यांच्या गोष्टी विकल्या म्हणालीस ते लागलं. लागायलाच लिहिलं असशील.

आता काय करता येईल ते बघू. माझ्या मनात असं आहे की मी आश्रमाच्या समितीला आणि निधीलाही एक पत्र लिहिते, अर्जाची लेखिका म्हणून. त्यात म्हणते की ही गोष्ट कुणा एका व्यक्तीची नाही, अनेकांच्या अनुभवांवरून रचलेली आहे, आणि दोऱ्यांचा भाग माझ्या कल्पनेतला आहे. असं करतात, त्यात नवीन काही नाही. गोष्ट बनावट ठरली की मावशींवरचा आरोप आपोआप पडतो. तू मावशींना विचार आणि कळव. बैठकीच्या आत पत्र पोचवते.

धाकटी


३ सप्टेंबर

धाकटे,

मी ते पान वाचलं नव्हतं.

आता पुढचं लिहिते. दीड वर्ष झालं, माझ्या नजरेच्या मधोमध एक डाग आहे. कडेचं दिसतं, रस्ता दिसतो, माणसं दिसतात, ज्याच्याकडे बघावं तेवढं मात्र जातं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने होणारं नाही. तुझी पत्रं मी भिंगाखाली धरून एकेक शब्द गोळा करते, तेही तू मोठं लिहितेस म्हणून. छापील बावीस पानं माझ्याच्याने होण्यासारखी नव्हती. मी चार दिवस प्रयत्न केला, पहिल्या पानाचा अर्धा भाग झाला.

खजिनदारांकडून वाचून घेता आलं असतं. पण पहिला फॉर्म वाचून घेताना चष्मा दुरुस्तीला दिलाय असं सांगितलं होतं, महिन्याभराने तेच कसं सांगणार? तुला लिहिता आलं असतं. तू म्हणाली असतीस, ताई, मग आता वर्ग सोड. म्हणून पेन्सिलीच्या फुल्या शोधल्या, त्या कडेला होत्या म्हणून दिसल्या, आणि सह्या केल्या. दर सोमवारी घोकून घेणारी मी. न वाचता सही केली, आणि वर तुला उत्तम झालंय म्हणून कळवलं. एकवीस तारखेला तुझ्यावर जो राग काढला तो तुझ्यावरचा नव्हता. विकण्याबद्दल लिहिलं ते तर मुळीच खरं नाही. ते मी परत घेते.

मावशीला कसं कळलं ते सांगते. तिने पुस्तिका माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाली, बाई, वाचा. मी पान हातात धरलं. वाचतेय असं दाखवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. ती बघत होती. मग म्हणाली, “बाई, तुमचे डोळे ओळीवरून सरकत नाहीयेत. मी पण असंच करायचे.”

तिने पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि बोट ठेवून मला वाचून दाखवली. सगळी. अडखळत, पण एकही शब्द न गाळता. तीन वर्षांत इतकं सलग तिने कधी वाचलं नव्हतं. मी ऐकत होते आणि मला ऐकवत नव्हतं. शेवटी तिने विचारलं, हे छापायला तुम्ही हो म्हणालात? मी हो म्हटलं. न वाचता म्हणालात? त्यालाही हो म्हटलं. ती पुस्तिका पिशवीत घालून निघून गेली.

परवा तुझं पत्र आलं. तुझी कल्पना, गोष्ट बनावट म्हणायची, मी तिला सांगितली. ती म्हणाली, उत्तर मी देईन, पत्ता द्या. मी पत्ता दिला. तिला मदत हवी का विचारलं, नको म्हणाली. ती काय लिहिणार ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचा हक्क आता मला राहिलेला नाही.

तिच्यानंतर मी इतर सगळ्यांकडे एकेक करून जाणार आहे. माझं डोळ्यांचं सांगणार आहे. माझं झाकून ठेवून त्यांना वर्गात बोलवायला माझी जीभ रेटणार नाही.

तुझी ताई


१५ सप्टेंबर

धाकट्या बाईंना नमस्कार.

हे पत्र मी लिहिते आहे. कुणी सांगून लिहिलेलं नाही. आठ दिवस लागले. चुका असतील.

मेट्रनने माझ्यासमोर पुस्तक टाकलं आणि म्हणाल्या, ही तूच ना? आणि वाचून दाखवायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, मी वाचते. त्या थांबल्या. पहिली ओळ अर्धी झाली तेव्हा कंटाळून निघून गेल्या. मी ते घरी नेलं. चार दिवसांत पूर्ण वाचलं. पाट्या सोडल्या तर मी पुरं वाचलेलं पहिलं तेच. माझ्याबद्दलचं.

मला फार राग आला. तुमचा पण आणि बाईंचा पण. बाईंशी मी अजून कामापुरतंच बोलते. त्यांची टपालाची पत्रं वाचून दाखवते आणि येते. डॉक्टरचा कागद पण वाचून दाखवला. ते कुणीतरी करायला पाहिजे.

तुम्ही गोष्ट खोटी आहे असं लिहिणार आहात असं कळलं. तसं लिहू नका. एकोणीस वर्षं मी सव्वीस माणसांना गोळ्या दिल्या. एक चुकली नाही. ते खोटं होतं असं तुम्ही लिहिलं तर मग मी तिथे काय करत होते? नोकरी राहिली तरी ते गेलं. मला ते चालणार नाही.

गोष्टीत खोटं एक वाक्य आहे. पहिलंच. ‘अज्ञानाच्या अंधारात चाचपडणारी एक स्त्री.’ बाई म्हणाल्या ते तुमचं आहे. मी चाचपडत नव्हते. मला पक्कं माहीत होतं कुणाला काय द्यायचं, कधी द्यायचं. लोकांना माहीत नव्हतं की मला कसं माहीत आहे. एवढंच होतं. मी ते लपवलं, ती माझी चूक. ते मी समितीला माझ्या तोंडाने सांगणार आहे. आणि म्हणणार आहे, नवी पाकिटं आणा, माझ्यासमोर ठेवा, मी वाचते.

तुम्ही समितीला पत्र लिहा. तुमचं पत्र चांगलं असतं असं बाई सांगतात. त्यात लिहा की गोष्ट खरी आहे, मला न विचारता छापली, आणि पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं काही सजवू नका. बैठक तीस तारखेला आहे.

त्याची एक प्रत बाईंकडे पाठवा. बाईंना ती मीच वाचून दाखवणार आहे. तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिता ते या वेळी मला आधी कळेल.

मावशी